उलटी फेरी

भोंग्याचा पडदा फाटला की मन्नानमामू
मोंढ्यामागच्या माझ्या दुकानात यायचा,
अंगाला सरकीचा वास घेऊन.
"देख मुंजाजी, मेरा गला साबूत है,
इसकेच हलक को क्या हुआ देख."
मी कॉइल सोडवायचो. राळेचा धूर वर जायचा.
तो स्टुलावर बसून उद्याची बातमी
जिभेवर घोळवून बघायचा,
अडत्या सरकी दाताखाली धरून बघतो तशी:
तमाम मानवतकरांना कळविण्यात येते की —

'की'नंतर थांबायचा.
त्या थांबण्यात न्हाव्याचा वस्तरा गालावर अडकायचा,
बाया हंडे टेकवायच्या,
आणि मग नळ, लिलाव, पोलिओचा डोस, मयत.
मोमीनपुऱ्याच्या कोपऱ्यावर रिक्षा वळली
की तीच बातमी उर्दूचे कपडे घालायची.

चुकायचा पण. लपवत नाही.
एकदा परभणीहून कुणाचा तरी फोन आला,
एसटीडीवर, खरखरीत,
आणि मामूनं कच्छवे मास्तरांची अंत्ययात्रा
दुपारी चारला काढली.
मास्तर साडेतीनच्या बसमधून उतरले,
हातात औषधांची पिशवी,
दारात बांबू येऊन पडलेले.
लोक पोट धरून हसले. मामू हसला नाही.
स्वतःच्या पैशाचं पेट्रोल टाकून
त्याच गल्ल्यांतून उलटा फिरला,
शेवटच्या घरापासून पहिल्याकडं:
"सकाळी बोललो ते चूक होतं.
मास्तर जिवंत आहेत.
बोलणारा मी, मन्नान."
रात्री नऊपर्यंत.
एका बहिऱ्या म्हातारीला तर
रिक्षातून उतरून, हातवारे करून सांगितलं.

पुढं नगरपालिकेनं त्याचा आवाज
पेन ड्राइव्हमध्ये भरून घेतला.
चारशे रुपये, एकदाच.
मामू गेला त्या सकाळी
घंटागाडी गल्लीत आली ती त्याच्याच आवाजात:
ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा.
शाहेदा सवयीनं बादली घेऊन बाहेर आली
आणि बादली धरून नुसती उभी राहिली,
गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत.
मयतीचं सगळ्यांना मोबाइलवर कळलं.
जोडलेले हात, फुलं, सत्तर-ऐंशी.
भोंगा माझ्याकडं दुरुस्तीला होता, तो ऱ्हायलाच.

या वैशाखात आठव्या दिवशी नळ आला,
आणि तासाभरात मेसेज:
टाकीत विष कालवलंय,
जास्तीत जास्त लोकांना पाठवा.
कुणी पाठवला? "पुढून आला."
ज्याला विचारावं त्याचं हेच, पुढून आला.
गावानं हंडे उपडे केले.
उन्हाळ्यात गटारी दुथडी वाहिल्या,
कुत्री पाणी पीत फिरली, एकही मेलं नाही,
पण कुत्र्यांचं कोण बघतंय?

संध्याकाळी पालिकेचं पोरगं लॅपटॉप घेऊन आलं.
"काका, मामूचं जुनं रेकॉर्डिंग द्या की.
कॉम्प्युटर त्याच आवाजात काय पण बोलतो आता.
पाणी चांगलंय, एवढंच बोलवायचंय.
मामूचं लोक ऐकतील."
ऐकलं असतं. मला ठाऊक होतं.
कॅसेट फळीवर, हाताच्या अंतरावर होती.

शाहेदाला विचारायला गेलो. ती पीठ मळत होती.
"अब्बा कुठं गेले होते ते पाणी बघायला?"
पिठाचा हात तसाच वर धरून म्हणाली,
"आणि चुकलं तर
उलटं कोण फिरणार?"

मग टाकीवर गेलो.
तपासणीचा कागद दोनदा वाचला,
एक तांब्या तिथंच प्यालो, थोडा वेळ बसलो.
रिक्षा भाड्यानं घेतली, भोंगा बांधला.
माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं,
त्यात घाईघाईत 'की'नंतर थांबायचं विसरलो.
तिसऱ्या गल्लीत एक बाई
उंबऱ्यावरून ओरडली:
"कोन बोलायलंय वो ते?"

मी रिक्षा थांबवायला लावली.